नवा वाय-फाय ७ राउटर आला आणि घरातली जुनी स्मार्ट उपकरणे अबोल झाली

मूळ लेखन

घरातला जुना राउटर वाय-फाय ५ पिढीतला होता आणि तो अधूनमधून स्वतःहून बंद पडू लागल्यामुळे गेल्या आठवड्यात वाय-फाय ७ चा राउटर आणून बसवला. नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुनेच ठेवले, कारण तसे केल्यास सगळी उपकरणे आपोआप नव्या राउटरला जोडली जातात, असे अनेकदा वाचले होते. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही यांच्या बाबतीत ते खरे ठरले. घरातल्या सतरा स्मार्ट उपकरणांपैकी मात्र चार बल्ब आणि दोन स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत आणि दारावरचा कॅमेरा जोडला जातो, पण मध्येच गळतो.

मला सर्वात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की, जोडले न जाणारे चार बल्ब आणि व्यवस्थित चालणारे तीन बल्ब एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आहेत. फरक इतकाच की चालणारे बल्ब दोन वर्षांनी नंतर घेतलेले आहेत. राउटरच्या खोक्यावर ‘मागील सर्व मानकांशी सुसंगत’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. ते खरे असेल तर हे का घडावे? आणि खरे नसेल तर चांगली चालणारी उपकरणे केवळ राउटर बदलला म्हणून टाकून द्यायची का?

प्रतिसाद १

तीन गोष्टी कळवाव्यात, त्याशिवाय काही सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल. सुरक्षेचा प्रकार कोणता निवडलेला आहे? २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ या रेडिओलहरींच्या तिन्ही पट्ट्यांना एकच नाव आहे की वेगवेगळे? आणि मल्टी-लिंक, म्हणजे एकाच वेळी अनेक पट्ट्यांवरून बोलण्याची एमएलओ ही सोय, चालू आहे का?

धागाकर्ता

सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’, म्हणजे वाय-फाय सुरक्षेच्या जुन्या आणि नव्या पद्धती एकत्र, अशी आहे. तिन्ही पट्ट्यांना एकच नाव आहे आणि एमएलओ चालू आहे. यांपैकी मी काहीही बदललेले नाही. राउटर असाच आला.

प्रतिसाद २

खोक्यावरचे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. वाय-फाय ज्यावर चालते, त्या ८०२.११ मालिकेतले पहिले मानक १९९७ चे. त्यानंतर १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे ‘बी’, २००३ मध्ये ५४ मेगाबिटचे ‘जी’ आणि २००९ मध्ये ‘एन’ आले. ४, ५, ६ हे सोपे क्रमांक वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये दिले आणि ‘एन’ला मागाहून वाय-फाय ४ म्हणण्यात आले. नव्या राउटरने जुन्या उपकरणाशी जुन्या बोलीत बोलायचे, ही शिस्त या मालिकेत बऱ्यापैकी पाळली गेली आहे. तुमचे बल्ब ‘एन’ बोलतात आणि तुमच्या वाय-फाय ७ राउटरलाही ‘एन’ उत्तम येते. अडचण वेगाच्या मानकात नाही, तर राउटर स्वतःची ओळख कशी करून देतो आणि सुरक्षेसाठी काय मागतो, यात आहे.

येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. वाय-फाय ५, म्हणजे २०१३ चे ‘एसी’ हे मानक, फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होते, २.४ गिगाहर्ट्झला त्याने हातही लावला नाही. दुसरीकडे स्वस्त स्मार्ट उपकरणांची लाट नेमकी त्याच काळात आली. २०१४ मध्ये बाजारात आलेली ईएसपी८२६६ ही चिप असंख्य बल्ब आणि प्लगांच्या पोटात आहे. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिला ‘बी’, ‘जी’ आणि ‘एन’ एवढेच येते. २.४ निवडण्यामागे कारणेही होती: ही लहर भिंतींमधून अधिक चांगली जाते, चिप स्वस्त पडते आणि बल्बला काही चित्रपट उतरवून घ्यायचा नसतो. त्यामुळे कित्येक वर्षे असे चालले की वेगवान उपकरणे ५ वर आणि ही सारी चिल्लीपिल्ली २.४ वर, आणि कोणाचा कोणाला त्रास नाही. वाय-फाय ६, म्हणजे ‘एएक्स’, पुन्हा २.४ मध्ये उतरले आणि तिथपासून या तक्रारी वाढल्या.

आता नेमके बिनसते कुठे, ते पाहू. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक दवंडी पिटत असतो. तिला बीकन म्हणतात. तिच्यात नेटवर्कचे नाव, चॅनेल, चालणारे वेग, सुरक्षेचे प्रकार अशी माहिती लहान लहान कप्प्यांत भरलेली असते आणि प्रत्येक कप्प्यावर आधी क्रमांक, मग लांबी, मग मजकूर असतो. नियम असा आहे की जो कप्पा ओळखीचा नाही, तो लांबीइतका ओलांडून पुढे जावे. याच नियमाच्या बळावर नव्या पिढ्या आपली माहिती जुन्या दवंडीत घालू शकतात. वाय-फाय ६ आणि ७ चे कप्पे २५५ या विस्तार-क्रमांकाखाली येतात. नीट लिहिलेले फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतले मूळ सॉफ्टवेअर, ते मुकाट्याने ओलांडते. घाईने लिहिलेले फर्मवेअर मात्र अडखळते आणि मग त्या उपकरणाच्या लेखी ते नेटवर्क अस्तित्वातच नसते. ‘एएक्स’ राउटर नवे आले तेव्हा काही लॅपटॉपांतल्या जुन्या ड्रायव्हरांनाही अगदी हाच त्रास झाला होता. ड्रायव्हर बदलला आणि प्रश्न मिटला. बल्बचे फर्मवेअर बदलायला मात्र कोणी बसलेले नसते.

दुसरी जागा सुरक्षेच्या कप्प्याची. त्याचा क्रमांक ४८. मिश्र पद्धतीत राउटर त्या एकाच कप्प्यात दोन प्रकार जाहीर करतो, डब्ल्यूपीए२ चा जुना आणि डब्ल्यूपीए३ चा एसएई हा नवा. शिवाय व्यवस्थापनाच्या चौकटी, म्हणजे जोडणी सांभाळणारे निरोप, संरक्षित करण्याची सोय उपलब्ध आहे, असेही तेथेच सांगतो. जुन्या उपकरणाने यांतला ओळखीचा प्रकार उचलावा आणि बाकीचे सोडून द्यावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही उपकरणे यादीत एकच नोंद असणार असे गृहीत धरून लिहिलेली असतात आणि दोन दिसल्या की माघार घेतात. तुमच्या जुन्या आणि नव्या बल्बांमधला फरक बहुधा येथेच आहे. बाहेरचे कवच तेच, आतले फर्मवेअर वेगळे.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे कठोर आहे. ज्या उपकरणाला डब्ल्यूपीए३ येत नाही, ते घरात ठेवूच नये. डब्ल्यूपीए३ ची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि जुलै २०२० पासून वाय-फाय प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणाला ते बंधनकारक आहे. ज्या कंपनीने इतक्या वर्षांत फर्मवेअर सुधारले नाही, तिने ऑक्टोबर २०१७ मध्ये उघडकीस आलेला क्रॅक हा डब्ल्यूपीए२ मधला दोष तरी दुरुस्त केला असेल, याची खात्री कोण देणार? राउटर नवा घ्यायचा आणि मग चार बल्बांसाठी त्याची सुरक्षा खाली आणायची, हे मला दार भक्कम बसवून खिडकी उघडी टाकण्यासारखे वाटते.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधील काळजी रास्त आहे, पण निष्कर्ष पटत नाही. एकतर प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक असते आणि स्वस्त बल्बांपैकी पुष्कळांनी ते कधी घेतलेलेच नसते. त्यामुळे २०२० नंतरचे उपकरण म्हणजे डब्ल्यूपीए३ येणारे उपकरण, असे समीकरण मांडता येत नाही. दुसरे म्हणजे सगळ्या जुन्या सुरक्षा एका मापाने मोजू नयेत. डब्ल्यूईपी या सर्वात जुन्या पद्धतीचे गणित २००१ मध्येच उलगडले गेले. टीकेआयपी ही तात्पुरती डागडुजी होती आणि तिचाही काळ केव्हाच संपला. जे उपकरण एवढ्यावरच अडकले आहे, त्याला खरोखर निरोप द्यावा. एईएस ही भक्कम सांकेतिक पद्धत वापरणारे डब्ल्यूपीए२ त्या पंक्तीत बसत नाही. त्याची मुख्य कमजोरी अशी की, जोडणीच्या वेळची चार निरोपांची देवाणघेवाण कोणी टिपली, तर तो घरी बसून पासवर्डचे अंदाज हवे तितके वेळा ताडून पाहू शकतो. पासवर्ड लांब आणि अंदाजापलीकडचा असेल, तर हे अंदाज चालवून हाती फारसे लागत नाही. एसएईमध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते, म्हणून दुबळा पासवर्डही तुलनेने तग धरतो.

यातून एक गोष्ट निघते, जी मिश्र पद्धत वापरणारे विसरतात. दोन्ही प्रकारांना एकच पासवर्ड असेल, तर डब्ल्यूपीए२ च्या बाजूने तो फुटला की डब्ल्यूपीए३ चे दारही उघडते. म्हणजे ‘मिश्र’ पद्धतीत जुन्या बल्बांची अडचण होतेच आणि नव्या फोनांना पुरते संरक्षणही मिळत नाही. माझ्या मते घरात दोन नेटवर्के असावीत आणि त्यांचे पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेले असावेत: एक फक्त डब्ल्यूपीए३ चे, दुसरे फक्त डब्ल्यूपीए२ चे आणि तेही केवळ २.४ गिगाहर्ट्झवर.

धागाकर्त्यांना येथे एक उलटा विचार सुचवतो. आपण सहसा नव्या राउटरच्या मुख्य नेटवर्कला जुने नाव देतो आणि मग अडलेल्या उपकरणांसाठी वेगळे नेटवर्क काढतो. तसे केले की प्रत्येक बल्ब पाच वेळा चालू-बंद करून, पुसून, नव्याने जोडावा लागतो. त्याऐवजी जुने नाव आणि जुना पासवर्ड त्या साध्या २.४ च्या नेटवर्कला द्यावा आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही यांच्यासाठी नव्या नावाचे नेटवर्क काढावे. फोनवर नवा पासवर्ड टाकायला अर्धे मिनिट लागते. छतातल्या बल्बसाठी शिडी काढावी लागते. ज्याला बदलणे सोपे आहे, त्याला बदलायला लावावे. जुना पासवर्ड फारच दुबळा असेल, तर मात्र शिडीला इलाज नाही.

एमएलओ फक्त नव्या नावाच्या नेटवर्कवर ठेवावे. एकाच वेळी अनेक पट्ट्यांवरून बोलण्याची ही सोय वाय-फाय ७ मध्ये डब्ल्यूपीए३ शिवाय मिळत नाही. तसेच ६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ ला मुळातच मज्जाव आहे. त्यामुळे तिन्ही पट्ट्या एका नावाखाली बांधून एमएलओ चालू केले की काही राउटर २.४ वरही नव्या अटी लादतात, आणि ते कोठेही स्पष्ट लिहिलेले नसते.

प्रतिसाद ५

उपकरण नव्याने जोडण्याची वेळ आलीच तर आणखी एक खाचखळगा आहे. तो समजला नाही, तर माणूस विनाकारण बल्बला दोष देतो.

काही बल्ब ज्या पद्धतीने नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड शिकतात, ती फार गमतीदार आहे. बल्ब पटापट मिचकत असतो, तेव्हा तो कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नसतो. तो एकेका चॅनेलवर थांबून हवेत चाललेले सगळे ऐकत असतो. त्या वेळी फोनवरचे अॅप ठरावीक लांबीच्या चौकटी एकामागून एक सोडते. त्यांतला मजकूर सांकेतिक असल्यामुळे बल्बला तो वाचता येत नाही, पण लांबी लपत नाही. अॅप पासवर्डाची अक्षरे त्या लांबीतच गुंफते आणि बल्ब लांब्या मोजून पासवर्ड जुळवतो. भिंतीपलीकडच्या माणसाने शब्द न उच्चारता केवळ टकटक करून निरोप पोचवावा, तसा हा प्रकार आहे.

आता फोन ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर असेल, तर ही टकटक भलत्याच भिंतीवर होत असते. २.४ वर कान लावून बसलेल्या बल्बला फोनचे थेट काहीच ऐकू येत नाही. राउटरने त्या चौकटी २.४ वर पुन्हा सोडल्या तरच आशा असते, आणि अनावश्यक प्रक्षेपण अडवणारे नवे राउटर त्या सोडतीलच असे नाही. अॅप शेवटी ‘पासवर्ड तपासा’ असे सांगते आणि आपण तोच बरोबर पासवर्ड दहा वेळा टाकत बसतो. म्हणून जोडणीपुरते फोनला २.४ च्या नेटवर्कवर न्यावे. ते जमत नसेल, तर बल्बची दुसरी पद्धत वापरावी, ज्यात तो सावकाश मिचकतो आणि स्वतःचे तात्पुरते नेटवर्क उभे करतो. त्या वेळी फोनची मोबाइल डेटा सेवा बंद ठेवावी, नाहीतर ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ असे म्हणून फोन अर्ध्यावरच तेथून पळ काढतो.

प्रतिसाद ६

विषय नावाचा निघालाच आहे म्हणून माझा एक उपद्व्याप सांगतो. मी हौसेने नेटवर्कला देवनागरीत नाव दिले होते. फोनवर ते फार शोभून दिसत असे. दोन प्लग मात्र काही केल्या जोडले जाईनात. मानकानुसार नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात ३ बाइट घेते. म्हणजे दहा चिन्हांतच जागा संपते. ‘आमचे घर’ एवढ्याला अक्षरांचे १८ आणि मधल्या जागेचा १ असे १९ बाइट लागतात. मर्यादेत बसले तरी प्लगच्या फर्मवेअरला असे बाइट अपेक्षितच नसावेत. शेवटी जुन्या उपकरणांच्या नेटवर्कला लहान, रोमन लिपीतले, मधे जागा नसलेले नाव दिले आणि देवनागरी नाव फोनांसाठी राखून ठेवले. पासवर्डातही विचित्र चिन्हांपेक्षा लांबीवर भर द्यावा, असा सल्ला त्यातूनच देतो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. रविवारी सकाळपासून बसून एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर दहा मिनिटे थांबायचे, असे ठरवले. नोंदी देतो.

पहिला बदल: प्रतिसाद ४ प्रमाणे जुने नाव आणि जुना पासवर्ड फक्त २.४ च्या, फक्त डब्ल्यूपीए२ असलेल्या नेटवर्कला दिला. फोनांसाठी नव्या नावाचे डब्ल्यूपीए३ नेटवर्क काढले आणि एमएलओ त्याच्यापुरते ठेवले. बल्बांना हातही लावला नाही. चौथ्या मिनिटाला राउटरच्या यादीत पहिला बल्ब उगवला आणि दहा मिनिटांच्या आत चारही आले. म्हणजे त्यांचे दुखणे सुरक्षेच्या कप्प्याचेच होते.

दुसरा बदल: प्लग अजूनही गप्प होते. म्हणून २.४ च्या चॅनेलची रुंदी ‘आपोआप’वरून २० मेगाहर्ट्झवर आणली आणि चॅनेल ६ वर स्थिर केले. काहीही झाले नाही.

तिसरा बदल: २.४ वरील ‘एएक्स’ आणि वाय-फाय ७ चे ‘बीई’ बंद करून ‘बी/जी/एन’ निवडले. तीन मिनिटांत दोन्ही प्लग आले. खात्री करण्यासाठी ‘एएक्स’ पुन्हा चालू करून पाहिले, दोन्ही गेले. पुन्हा बंद केले, दोन्ही आले. एवढ्या पुराव्यानंतर शंकेला जागा नाही.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती, ती येथे नोंदवतो. सुरक्षेचा प्रकार प्रत्येक नावासाठी वेगळा ठेवता येतो, पण ‘एएक्स’ चालू की बंद, हे माझ्या राउटरमध्ये पूर्ण २.४ च्या रेडिओसाठी एकदाच ठरते. म्हणजे या दोन प्लगांसाठी २.४ वरील सगळ्यांनाच ‘एन’वर यावे लागले. माझे फोन आणि लॅपटॉप ५ आणि ६ वर असतात, त्यामुळे मला काही जाणवले नाही.

कॅमेरा मात्र अजून गळतो.

प्रतिसाद ३

बल्ब वाचले याचा आनंद आहे. माझा एक प्रश्न तरीही शिल्लक राहतो. ‘एन’वर चालणारी ही उपकरणे हवेतला वेळ खातात, त्यामुळे नव्या राउटरचा वेग फुकट जात नाही का?

प्रतिसाद २

जातो, पण समजतो तितका नाही. २.४ चा रेडिओ वेगळा आणि ५ व ६ चे वेगळे. एका पट्टीवरची गर्दी दुसरीला अडवत नाही. २.४ च्या आत मात्र संथ उपकरण महाग पडते. १,५०० बाइटची एक चौकट १ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात आणि तीच ५४ मेगाबिटने पाव मिलिसेकंदाच्या आत जाते. तेवढा वेळ त्या चॅनेलवरील बाकीच्यांना गप्प बसावे लागते. बल्ब आणि प्लग यांचे बोलणे दिवसभरात मूठभर असते, त्यामुळे त्यांचा हिशेब धरू नये. हिशेब धरायचा तर कॅमेऱ्याचा. तो राउटरपासून लांब असेल आणि क्षीण लहरीमुळे खालच्या वेगावर घसरत असेल, तर तो एकटाच सगळ्यांचा वेळ खाईल.

प्रतिसाद ७

कॅमेरा गळण्याच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत का? अंदाज नको, राउटरच्या नोंदवहीतल्या नेमक्या वेळा हव्यात.

धागाकर्ता

आत्ता पाहिल्या: ९:१४, १०:१४, ११:१४, १२:१४. प्रत्येक वेळी दीड-दोन मिनिटांनी परत जोडला जातो. हे माझ्या लक्षात कसे आले नाही, याचे मलाच नवल वाटते.

प्रतिसाद ७

मग लहर क्षीण असल्याची शक्यता सोडून द्या. लहर घड्याळ पाहून जात नाही.

घरातल्या सर्व उपकरणांना एकदम ऐकवायचे निरोप राउटर एका सामाईक किल्लीने बंद करतो. ती किल्ली ठरावीक काळाने बदलली जाते आणि अनेक राउटरांत हा काळ ३,६०० सेकंदांचा, म्हणजे बरोबर एका तासाचा असतो. किल्ली बदलताना राउटर प्रत्येक उपकरणाला नवी किल्ली देतो आणि पोच मागतो. उपकरण पेंगत असेल किंवा त्याच्या फर्मवेअरने ही पोच वेळेत दिली नाही, तर राउटर दोन-चारदा विचारतो आणि मग त्याला बाहेर काढतो. बाहेर पडलेला कॅमेरा पुन्हा पहिल्यापासून जोडला जातो; ते तुमचे दीड-दोन मिनिट.

प्रगत पर्यायांत ‘ग्रुप की’ बदलण्याचा काळ सापडेल. तो ८६,४०० सेकंदांवर, म्हणजे एका दिवसावर न्यावा. पूर्ण बंद करता येत असला तरी करू नये.

प्रतिसाद ८

इतका खटाटोप करण्यापेक्षा हळूहळू सगळे मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकावर नेलेले बरे नाही का? मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि एकदा तिकडे गेले की वाय-फायच्या या कटकटी संपतात, असे मी समजत होतो.

प्रतिसाद २

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मॅटर हा रेडिओ नाही. उपकरणांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हे मॅटर ठरवते. ती भाषा वाहून नेण्याचे काम वाय-फाय, थ्रेड (स्मार्ट उपकरणांचे वेगळे रेडिओ-जाळे) किंवा तारेचे इथरनेट करते. मॅटरचा शिक्का असलेला वाय-फाय बल्ब घेतलात, तरी त्याच्या आत बहुधा २.४ गिगाहर्ट्झचीच चिप असते आणि दवंडीचे कप्पे त्यालाही वाचावेच लागतात. नव्याचे फर्मवेअर नवे असते, इतकाच दिलासा. उलट मॅटरला घरात आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) नीट चालावे लागते; ते बंद ठेवलेल्या किंवा अडवणाऱ्या राउटरवर नवीच कोडी पडतात.

थ्रेड आणि त्याच्यासारखेच दुसरे जाळे झिगबी यांचा रेडिओ मात्र वेगळा आहे, ८०२.१५.४ या मानकाचा. त्यामुळे राउटर वाय-फाय ४ चा असो की ७ चा, झिगबीच्या बल्बला त्याचे सोयरसुतक नसते. तो त्याच्या हबशी, म्हणजे मध्यस्थ पेटीशी, बोलतो आणि हब सहसा तारेने राउटरला जोडलेला असतो. ज्यांच्याकडे जुनी झिगबी उपकरणे आहेत, त्यांनी ती बदलू नयेत. हब मॅटरचा पूल होऊ शकत असेल, तर तीच उपकरणे नव्या व्यवस्थेतही दिसतात.

फक्त एक पथ्य आहे. झिगबी आणि थ्रेडही २.४ गिगाहर्ट्झमध्येच राहतात. त्यांचे चॅनेल ११ ते २६ असे मोजले जातात आणि ते वाय-फायच्या चॅनेल-क्रमांकांशी जुळत नाहीत. वाय-फाय १, ६ किंवा ११ वर २० मेगाहर्ट्झ रुंदीने ठेवले, तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनेल फटींत किंवा काठावर पडतात आणि दोघांचे निभते. वाय-फायची रुंदी ४० केली की या फटी बुजतात. नवा राउटर आल्यावर झिगबीचे दिवे उशिरा लागू लागले, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी आधी हे पाहावे. धागाकर्त्यांनी रुंदी २० वर आणली, तिचा प्लगांना उपयोग झाला नसला तरी ती तशीच राहू द्यावी.

धागाकर्ता

एक नवी अडचण आली आहे. जुनी उपकरणे वेगळी राहावीत म्हणून मी त्यांचे नेटवर्क ‘पाहुण्यांसाठी’ या प्रकारात टाकले. बल्ब जोडलेले आहेत, पण फोनवरच्या अॅपला ते घरातून सापडत नाहीत. गंमत म्हणजे फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहिले की सापडतात!

प्रतिसाद ४

यात गंमत वाटली तरी कारण सरळ आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कचा उद्देशच घरच्या उपकरणांशी बोलू न देण्याचा असतो. अॅप घरातल्या घरात बल्ब शोधते, तेव्हा ते एमडीएनएससारख्या पद्धतीने ‘कोणी आहे का’ अशी हाक मारते, ती २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर जाते आणि नेटवर्कची वेस ओलांडत नाही. मोबाइल डेटावरून मात्र फोन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, बल्बही त्याच सर्व्हरशी जोडलेला असतो, आणि दोघांची तेथे गाठ पडते. खोलीतला दिवा लावायला निरोप जग फिरून येतो.

राउटरमध्ये ‘आयओटी नेटवर्क’, म्हणजे स्मार्ट उपकरणांसाठीचे नेटवर्क, असा वेगळा प्रकार असेल, तर तो निवडावा. चांगल्या राउटरांत मुख्य नेटवर्ककडून उपकरणांकडे संवाद सुरू करता येतो, पण उलट दिशेने करता येत नाही. आपल्याला हवे ते हेच. तशी सोय नसेल, तर मी बल्ब-प्लग मुख्य नेटवर्कच्याच बाजूला ठेवीन आणि कॅमेऱ्याला मात्र पाहुण्यांतच बसवीन. कॅमेरा जुना आहे, त्याचे फर्मवेअर कोणी पाहत नाही आणि तो तसाही सर्व्हरमार्फतच दिसतो.

प्रतिसाद ३ मधील खिडकीची उपमा येथे मला मान्य आहे. खिडकी बंद करता येत नसेल, तर ती ज्या खोलीत आहे, त्या खोलीचे दार तरी लावून घ्यावे.

प्रतिसाद ३

एवढे असेल तर माझा विरोध मागे घेतो. मात्र पुढच्या राउटरच्या वेळी हा सगळा प्रपंच पुन्हा करावा लागेल, हे ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद २

कदाचित लागणार नाही. वाय-फाय ७ च्या काळात डब्ल्यूपीए३ मध्ये एक ‘सुसंगत’ पद्धत आली आहे, जी मिश्र पद्धतीहून वेगळी आहे. तिच्यात ४८ क्रमांकाच्या कप्प्यात फक्त डब्ल्यूपीए२ लिहिलेले असते आणि डब्ल्यूपीए३ ची माहिती निराळ्या कप्प्यांत ठेवली जाते. जुन्या बल्बला वाटते की राउटर जुनाच आहे. नव्या फोनला निराळा कप्पा वाचता येतो आणि तो डब्ल्यूपीए३ ने जोडला जातो. ज्यांनी मिश्र पद्धतीमुळे बल्ब गमावले, त्यांच्यासाठीच जणू हे केले आहे. मात्र राउटर आणि फोन दोघांनाही ही पद्धत यावी लागते, आणि एकच पासवर्ड दोन्हीकडे असण्याची प्रतिसाद ४ मधील हरकत हिलाही लागू आहेच.

धागाकर्ता

शेवटची नोंद. राउटरमध्ये ‘आयओटी’ प्रकार सापडला. बल्ब आणि प्लग त्यात हलवले. नाव आणि पासवर्ड तेच असल्यामुळे शिडी काढावी लागली नाही. फोनवरून आता ते घरातल्या घरात सापडतात. कॅमेरा एकटा पाहुण्यांत आहे आणि किल्ली बदलण्याचा काळ एक दिवसावर नेला आहे. तीन दिवसांच्या नोंदी पाहिल्या: कॅमेरा रोज एकदा, पहाटे ३:४० ला गळतो आणि ३:४२ ला परत येतो.